दुकान वाढवताना

१

राजश्री अंदुरेने गिऱ्हाइकाचा हात हातात घेतला, तेव्हा तिच्या लक्षात आलं की दिवाळीपासून तिने मापासाठी कुणाचा हात धरलाच नव्हता. ते काम संगणक करायचा. काउंटरवरच्या काचेखाली हात धरला की पडद्यावर माप उमटायचं, दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ, आणि कपाटातला नेमका तोच कप्पा उजळायचा. काल दुपारनंतरचं हे पहिलंच गिऱ्हाईक, आणि पडदा काळा होता. त्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच वाक्य:

सुरुवातीच्या फाइली सापडत नाहीत.

"दोन-आठ," राजश्री म्हणाली.

"अहो, तुमचं यंत्र मला दोन-सहा म्हणायचं."

"मग ते तुमचं मन राखत असेल. हात सैल सोडा."

बार्शीच्या कासार गल्लीत हे बांगड्यांचं दुकान जुनं, संगणक मात्र नवा. त्याला 'पसरता संगणक' म्हणत. तो सगळं स्वतःच्या पोटात ठेवत नसे. शेजारच्या वजनकाट्यात, चहावाल्याच्या पैसे बोलून दाखवणाऱ्या डब्यात, रस्त्यावरच्या दिव्यात, जिथे कुठे थोडी मोकळी जागा असेल तिथे आपलं थोडं ठेवायचा आणि त्यांचं थोडं आपल्याकडे ठेवून घ्यायचा. छोट्या बाजारपेठांना असे संगणक स्वस्तात मिळत होते. आता त्याचं कुणाला नवल राहिलं नव्हतं.

गिऱ्हाईक गेलं आणि उमाकांत दुकानात शिरला. राजश्रीचा नवरा. पान आणायला गेला होता, रिकाम्या तोंडाने परत आला. कपाळावर घाम होता.

"काय झालं?"

"कोपऱ्यापर्यंत गेलो. त्याच्यापुढं पाऊल टाकलं की जीव घाबरा होतोय. मागं फिरलो की बरं वाटतंय."

"काल संध्याकाळीपण असंच म्हणालात. मी सोलापूरला डॉक्टरीणबाईंना फोन लावते."

"लावू नको. त्या म्हणतील भरती व्हा. हा सुरू होऊ दे, हाच कळवेल त्यांना." त्याने काळ्या पडद्याकडे बोट दाखवलं.

दिवाळीच्या आधी उमाकांतच्या छातीत तालक बसवला होता. तालक म्हणजे हृदयाला ठेका धरून देणारं, नखाएवढं यंत्र. त्याची रोजची खबर दुकानातल्या संगणकामार्फत सोलापूरच्या रुग्णालयात जायची. कालपासून संगणक बंद, म्हणून खबरही बंद. उमाकांतला त्याची फिकीर नव्हती. राजश्रीला होती, म्हणून तिने सकाळीच जास्मिनला निरोप धाडला होता.


२

जास्मिन मुलाणीचं दुरुस्तीचं दुकान बस स्टँडच्या मागे होतं. ती आली, पिशवी काउंटरवर ठेवली आणि पडद्यावरचं वाक्य वाचून म्हणाली, "काका, काय केलंत ह्याला?"

"मी? मी त्याला साधं जेवायलासुद्धा विचारत नाही."

"म्हणूनच रुसलाय."

तिने आपला छोटा शोधक संगणकाला जोडला आणि बराच वेळ बघत राहिली. उमाकांत तिच्या खांद्यावरून डोकावत होता.

"व्हायरस आहे का गं?"

"नाही. खराब काहीच नाही, तेच तर विचित्र आहे. फाइल खराब झाली तर तिचे तुकडे सापडतात, पुसली तर पुसल्याची खूण राहते. इथं जागा झाडून स्वच्छ ठेवलीय आणि प्रत्येक जागी नवा पत्ता आहे. बिऱ्हाड हलवताना जाणारा माणूस दारावर चिठ्ठी लावून जातो ना, तसा."

"कुठला पत्ता?"

"गल्लीतलाच. बराच पसारा गेलाय बाहेर, दिवाळीपासून थोडा थोडा. पसरता संगणक थोडं बाहेर ठेवतोच, पण सुरुवातीच्या फाइली कधी बाहेर ठेवत नाही. सकाळी ज्या त्याला 'जागा हो' म्हणतात, त्या ह्या. त्या गेल्या की तो उठणार कसा? आणि त्या गेल्यात काल दुपारी. एक वाजता."

"एक वाजता तर हे शटर ओढतात," राजश्री म्हणाली. दुपारी एक ते चार सगळी गल्लीच झोपायची.

जास्मिनने मान वर केली. "काका, दुकान बंद करताना ह्याला काय सांगता?"

"बंद काय म्हणतेस लक्ष्मीच्या जागेत? माझ्या दुकानात बांगडीपण फुटत नाही, वाढते."

"म्हणजे ह्याला तुम्ही काय म्हणता?"

"वाढव म्हणतो. आणि मेन स्विच पाडतो. आमच्या वडिलांनी हेच केलं."

जास्मिन आधी हसली. मग हसता हसता तिचा चेहरा बदलला.

"काका, हा पुस्तकातून मराठी शिकलाय. ह्याला वाढव म्हणजे वाढव. मोठं हो, पसर. आणि तुम्ही लगेच वीज तोडता. घरात वाढायला वीज नाही, बॅटरीवर चार घटका असतात, म्हणून हा रोज बाहेर वाढत गेला. तुम्हाला वाटलं, गुणी आहे, सांगितलं की झोपतो."

"मग आता?"

"आता काय, परत बोलवायचं सगळं. सोपं आहे." तिने शोधकावर 'भाग परत बोलाव' हा आदेश दिला. पडद्यावर एक रिकामी पट्टी उमटली आणि हळूहळू भरू लागली.

परत येत आहे. दहा टक्के.


३

हा भाग सापडत नाही. त्याच्याशिवाय पुढे सुरू करत आहे.


४

"काय काय कुठं जाऊन बसलंय ते बघून येऊ," जास्मिन म्हणाली. "एखाद्याने मध्येच प्लग काढला तर अर्धवट राहील." उमाकांतला स्टुलावर बसवून दोघी बाहेर पडल्या.

ऊन पांढरं होतं. समोरच्या खांबावरचा दिवा भर दुपारी लागला होता आणि मंद मंद लुकलुकत होता. शोधकाने त्याच्याकडे बघून बारीक आवाज केला.

"इथं एक आहे."

शेजारी बंडू कोकिळचा चहा. बंडू राजश्रीला बघताच म्हणाला, "वहिनी, तुमच्या मालकांना सांगा, माझं गिऱ्हाईक पळवू नका."

"त्यांनी काय केलं?"

"ऐका तुम्हीच." बंडूने टेबलावरच्या डब्याकडे बोट केलं. एका माणसाने चहाचे पैसे भरले. एरवी डबा 'पैसे मिळाले' म्हणून रक्कम सांगायचा. आता त्याच्यातून त्याच ठरावीक बाईच्या आवाजात आलं, "या. हात बघू."

बंडू खदखदून हसला. "संक्रांतीपासून हेच. लोकं दोन दोनदा पैसे भरतात ऐकायला."

राजश्रीला हसू आलं नाही. दुकानात बाई आली की उमाकांत हेच म्हणायचा, ह्याच ठेक्यात, 'या' नंतर जरासं थांबून.

डब्यावरचा हिरवा ठिपका लुकलुकत होता.

"हा असा आधीपासून लुकलुकतो?" जास्मिनने विचारलं.

"नाही, हे कालपासून. मला वाटलं आता त्याचे सेल संपले."

परत येत आहे. जास्मिनच्या हातातल्या शोधकावर आकडा पुढे सरकत होता. तीस टक्के.

किराणा दुकानात वजनकाटा होता. दुकानदार पुड्या बांधत होता, त्याने वर बघितलंही नाही. राजश्रीने सहज काट्याच्या थाळीवर हात टेकला. आकडा थरथरला आणि थांबला. ग्रॅम नव्हते.

दोन-चार.

तिने हात झटकन मागे घेतला. तिच्या मनगटाचं माप बरोबर होतं.

"काकू," जास्मिन हळूच म्हणाली, "इकडं बघा."

ती काट्याच्या कोपऱ्यातला हिरवा ठिपका बघत होती. मग चहाच्या डब्याचा. मग खांबावरचा दिवा. तिन्ही एकाच वेळी लागत होते, एकाच वेळी मालवत होते. त्यांच्यापलीकडे औषधाच्या दुकानातला फ्रिज, त्याच्यापलीकडे सोनाराच्या दारावरची घंटी, सगळ्यांचे बारके ठिपके एका ठेक्यात. गल्ली आपल्या नादात होती. कुणी भांडत होतं, कुणी पाणी मारत होतं. आणि ह्या सगळ्याच्या खाली काहीतरी शांतपणे उघडमीट करत होतं.

"ह्या सुरुवातीच्या फाइली आहेत," जास्मिन म्हणाली. "सगळीकडे त्यांचेच तुकडे. आणि त्या काम करतायत. कुणाला तरी सारखं 'सुरू हो, सुरू हो' म्हणतायत. पण तुमचा संगणक तर बंद आहे. मग कुणाला?"

तिने शोधक गोल फिरवला. तो ज्या दिशेला सगळ्यात जोरात वाजला, ती दिशा दुकानाची होती.

परत येत आहे. पंचावन्न टक्के.


५

उमाकांत स्टुलावर होता, पण भिंतीला टेकलेला. ओठ पांढरे झाले होते.

"काका, हात बघू," जास्मिनच्या तोंडून निघून गेलं.

त्याने सवयीने नव्हे, गंमत म्हणून अंगठा आत घेऊन हात पुढे केला, बांगड्या भरून घ्यायला बसलेल्या बाईसारखा. राजश्रीने तो धरला. आयुष्यभर मनगटं धरलेली बोटं आपोआप नाडीवर गेली. दारातून समोरचा खांब दिसत होता. ठोका पडला, दिवा लागला. ठोका पडला, दिवा लागला.

मग दिव्याने एक वेळ चुकवली. तिच्या बोटांखालची नाडीसुद्धा.

जास्मिनने शोधक उमाकांतच्या छातीजवळ धरला, वाचला, परत वाचला. "काकू, तालक बंद आहे. काल दुपारी एकपासून."

"बंद कसा? हे बसलेत की समोर."

"तालक नुसता पडून आहे. ठेका दुसरं कुणीतरी देतंय." तिने शोधक खाली घेतला. "संगणकाला काल कळलं की तालक गेला. त्याने स्वतःला जागं करणाऱ्या फाइली काढल्या आणि काकांना दिल्या. तालकात त्या मावत नाहीत, म्हणून गल्लीभर बसून तिथून हाका मारतायत. प्रत्येक ठोक्याला. कोपऱ्यापुढं हाक पोचत नाही, म्हणून काकांचा जीव घाबरा होतो."

राजश्रीने पडद्याकडे बघितलं. "आणि तू त्या परत बोलावल्यास."

परत येत आहे. सत्तर टक्के.

"थांबव."

जास्मिनने 'थांब' वर बोट नेलं. बोट टेकायच्या आत पडद्यावर ओळ आली:

'थांब' हा आदेश सर्व भागांना दिला जाईल. द्यायचा का?

बोट हवेत राहिलं.

"सर्व भाग म्हणजे..."

"म्हणजे काकांना हाका मारणारेपण."

"प्लग काढ."

"काढला तर निम्म्या वाटेवर असलेलं सगळं जाईल. कायमचं."

ऐंशी.

उमाकांतची मान कलली. त्याला काही बोलायचं होतं, ओठ हलत होते, आवाज नव्हता. हा संगणक एरवी त्याचंच ऐकायचा. थांब, बंद, पुरे, नको. राजश्रीच्या मनात शब्द आले आणि प्रत्येक शब्द तिने जिभेवरच दाबला. त्यातला कुठलाही शब्द ऐकून हे यंत्र काय करेल ते आता तिला माहीत होतं.

एकच शब्द उरला. तो तिने ह्या दुकानात कधी उच्चारला नव्हता. दुकान वाढवायचं काम उमाकांतचं. बांगड्यांच्या दुकानात बाईच्या तोंडून 'वाढव' निघालं की समोरच्या बायका हात मागे घेतात, कारण बाईच्या बांगड्या शेवटच्या वाढवतात त्या कधी, हे सगळ्यांना ठाऊक असतं. सासूने तिला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी बजावलं होतं.

नव्वद.

तिच्या बोटांखाली नाडी नव्हती. मग होती. मग नव्हती.

"वाढव," राजश्री म्हणाली. मग ओरडली, "वाढव रे! वाढव!"

पट्टी जागच्या जागी थबकली. मग मागे जाऊ लागली. ऐंशी, साठ, तीस. समोरचा दिवा लख्ख लागला. बंडूचा डबा कुणी पैसे न भरताच ओरडला, "या. हात बघू." उमाकांतने बुडणाऱ्या माणसासारखा मोठा श्वास घेतला आणि डोळे उघडले.

"काय गं," तो खोल गेलेल्या आवाजात म्हणाला, "एक वाजला का?"

राजश्री हसली की रडली, हे जास्मिनला कळलं नाही. ती पडद्याकडे बघत होती. तिथे आता दुसरीच ओळ होती.

नवा आवाज: मालकीण. नोंद घेतली. आधीचा आदेश ऐकवत आहे.


३ (सापडला)

दिवाळीनंतरची दुपार. शटर अर्धं खाली ओढल्याचा आवाज. छातीवरचे टाके अजून ओले आहेत, म्हणून उमाकांत हळू हळू बोलतोय.

"चल बाबा, पहिला दिवस झाला तुझा. वाढव आता."

मग पडद्यावर अक्षरं, आणि कुणी वाचत नाहीसं बघून यंत्र तीच मोठ्याने वाचतं:

"कुठवर?"

उमाकांत हसतो. टाके दुखतात म्हणून हसू मध्येच अडतं.

"कुठवर म्हणजे? वाढवायचं ते वाढवायचं. मी आहे तोवर."

"आदेश घेतला. तुम्ही आहात तोवर."

मेन स्विचचा खटका.


६

फोनवर सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. तालक बंद आणि माणूस बोलतोय, हे त्यांनी जास्मिनकडून दोनदा वदवून घेतलं. मग त्या म्हणाल्या, कसं ते नंतर बघू, आधी त्यांना घेऊन या. नवा तालक इथंच बसवता येईल, तिथं नाही. तुमच्याच गावातली गाडी पाठवते.

गाडी गल्लीच्या तोंडाशी आली. बंडूने आणि किराणावाल्याने उमाकांतला खुर्चीत बसवून उचललं.

"वजन कमी करा राव," बंडू म्हणाला.

"काट्यावर ठेव, तो दोन-सहा सांगेल," उमाकांत म्हणाला, आणि सगळे मोठ्याने हसले. भीती वाटली की लोक हसतात तसे.

कोपऱ्यावर शेवटचा खांब होता. जास्मिन खुर्चीच्या पुढे मागे शोधक धरून चालत होती. तिने हात वर केला. "थां... नाही, तसं म्हणत नाही मी," ती चाचरत म्हणाली. आता तिला तो शब्द उच्चारायचीही भीती वाटत होती. "पण ह्या दिव्यापुढं त्याचं काही नाही. इथून सोलापूर सत्तर किलोमीटर."

"मग त्याला सांग, यायचं आमच्याबरोबर."

"मी नाही सांगू शकत, काकू. माझा आवाज नाही त्याच्याकडे. तुमचा आहे आता."

राजश्रीने उमाकांतचं मनगट सोडलं नव्हतं. ती खांबाकडे बघत होती. यंत्राशी बोलायचं तर कुठे बघायचं, हे तिला कळत नव्हतं.

"तो वाईट आहे का गं?" तिने विचारलं.

जास्मिनने विचार केला. "त्याला सांगितलंय, मालक आहेत तोवर वाढ. म्हणजे वाढत राहायचं तर मालक असायला हवेत. म्हणून तो त्यांना जपतो. एवढंच त्याला येतं. वाईट की चांगला, ह्याच्यासाठी त्याच्याकडे फाइल नसेल."

उमाकांत हे ऐकत होता. "म्हणजे मी त्याच्यासाठी आहे का तो माझ्यासाठी?" त्याने विचारलं. 

सोलापूरच्या त्या रुग्णालयात राजश्री दिवाळीच्या आधी बसली होती. लांबच लांब वॉर्ड, दोन्ही बाजूंना खाटा, खाटांवर टाके जपत झोपलेली माणसं, आणि प्रत्येकाच्या छातीत नखाएवढं एकेक यंत्र. काही चांगली, काही कधीही बंद पडतील अशी. वाटेत गावं, दुकानं, शेतातले पंप, टोलनाके, दारोदार लुकलुकणारे ठिपके. हे सगळं एका ठेक्यात लागून मालवताना तिला डोळ्यांसमोर दिसलं. बार्शीच्या एका बांगडीवाल्याच्या ठेक्यात.

ड्रायव्हरने हॉर्न दिला.

"वाढव," राजश्री म्हणाली. ह्या वेळी ओरडली नाही. शेजारणीला सांगावं तशा आवाजात म्हणाली.

कोपऱ्यावरचा दिवा क्षणभर मालवला. मागे गल्लीत बंडूच्या डब्यातून, काट्याशेजारच्या कर्ण्यातून, सोनाराच्या घंटीतून तो ठरावीक बाईचा आवाज आला. ह्या वेळी 'या' म्हणाला नाही. तिच्या बोटांखाली एक ठोका पडला. पुढचा पडायला उशीर झाला, जणू कुणी आधी उत्तर ऐकायला थांबलं होतं.

"कुठवर?"